बारकावे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नातीच्या वह्या आणायला मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेले होते. पावसाची भुरभुर चालू होती, पाऊल टाकायला जागा नव्हती आणि दुकानांच्या फळ्यांना ओल्या छत्र्या टेकवून आया मोठ्यानं याद्या वाचत होत्या. शंभरपानी दुरेघी दोन, चौकटीची एक, खाकी कव्हरचा रोल. कोऱ्या कागदाचा आणि ओल्या छत्रीचा वास एकत्र आला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. पस्तीस वर्षं शाळेत काढली, निवृत्त होऊनही पाच वर्षं झाली, तरी जून आला की तो गोळा येतोच. पैसे देऊन मी पिशवी सावरत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "मॅडम, ओळखलंत का?"

समोर दाढी राखलेला पंचविशीचा मुलगा उभा असतो आणि त्याच्यात बारा वर्षांचा चेहरा शोधायचा असतो. मला काही तो सापडेना. त्यानं नाव सांगितलं, तुकडी सांगितली, खिडकीशेजारचा बाक सांगितला. मी "अरे हो, तू होय!" म्हणाले खरी, पण धड आठवलं नव्हतं. त्यानं पिशवी हातातून घेतली आणि गल्लीतल्या आपल्या दुकानात नेलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दुकानांचे फलक, सगळं तो स्वतः संगणकावर तयार करतो. भिंतीवर टांगलेल्या एका पत्रिकेच्या कोपऱ्यात आंब्याची डहाळी होती. तिच्या एका पानाला किडीनं खाल्लेलं बारीक भोक होतं. पत्रिकेवर कुणी असं पान काढत नाही. मी बघत राहिले. त्यानं चहा सांगितला आणि फोनमध्ये एक फोटो काढून माझ्यासमोर धरला.

इयत्ता सहावी, 2012-13 चं प्रगतिपुस्तक. लॅमिनेशन केलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. अक्षर माझं. विशेष प्रगतीच्या रकान्यात निळ्या शाईत एक वाक्य होतं: "निसर्गातील बारकावे टिपतो."

त्याच्या आईचा मंडईत पालेभाजीचा गाळा. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच ते वाक्य तिला वाचून दाखवलं होतं. तिनं विचारलं, बारकावे म्हणजे काय रे? त्यालाही नीट सांगता येईना. मग शेजारच्या गाळ्यावरच्या काकांनी अर्थ सांगितला, की तुझ्या पोराला बारीकसारीक दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही ते दिसतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते प्रगतिपुस्तक लॅमिनेट करून आणलं. "तेव्हापासून मॅडम, कोथिंबिरीच्या जुडीतली सडकी काडी शोधायचं काम माझ्याकडे. आई म्हणायची, बघ रे, तुला दिसतं, मॅडमनी लिहून दिलंय." सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी कपातला चहा हलवत बसले. साखर केव्हाच विरघळली होती.

शनिपारापर्यंत चालत आले तेव्हा पाऊस वाढला होता. एका दुकानाच्या पायरीवर थांबले. ते वाक्य माझं नव्हतं.

2010 च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. त्याच्या थोडं आधी, एप्रिलपासून, शिक्षणहक्क कायदा लागू झाला होता आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हे ठरलं होतं. शिक्षकखोलीत तेव्हा दोन तट पडले. मी मनापासून नव्या बाजूची होते. आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर चालणारं, आणि संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राच्या शेवटचं, हे शब्द जिभेवर बसायला महिना गेला, पण त्यामागचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं होतं: मूल तीन तासांच्या पेपरात मावत नाही, ते वर्षभर बघावं लागतं. बघण्याची आठ साधनं दिली होती. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. सहावीला निम्मे गुण या बघण्याला आणि निम्मे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला. शेवटी गुण जाऊन श्रेणी यायची. 91 पासून वर अ-1, मग अ-2, ब-1, असं करत इ-2 पर्यंत. वर्गातला नंबर गेला, टक्केवारी गेली, तांबड्या शाईची रेघ गेली. आणि श्रेणीच्या शेजारी प्रत्येक मुलाविषयी आपल्या शब्दांत नोंद करायची होती. आपल्या शब्दांत, हे प्रशिक्षणात तीन-तीनदा सांगितलं होतं.

माझ्या वर्गात सत्तेचाळीस मुलं होती. प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाची नोंद, शिवाय आवड, छंद, सुधारणा आवश्यक, आणि हे वर्षातून दोनदा. पहिल्या सत्रात मी खरंच रोज एक वही घेऊन वर्गात जायची. दिवाळीपर्यंत ती वही अर्धी भरली. पुढे पटपडताळणी, पोषण आहाराच्या नोंदी, कुणाच्या तरी रजेवरचे तास असं मागे लागत गेलं आणि वही कपाटात राहिली. मार्च संपता संपता अप्पा बळवंत चौकात तयार नोंदींची पुस्तिका मिळते असं कळलं. सगळ्यांनीच आणली. विषयवार वाक्यं, नुसती उतरवायची. दुपारी मुलं गेल्यावर शिक्षकखोलीत पंखा लावून आम्ही तिघी बसायचो आणि हजेरी क्रमांक 1 ला पहिलं वाक्य, 2 ला दुसरं, असं खाली खाली उतरत जायचो. पुस्तिकेतली वाक्यं संपली की परत वरून सुरुवात. "निसर्गातील बारकावे टिपतो" हे परिसराशी संबंधित नोंदींच्या पानावर वरून पाचवं-सहावं होतं. मुलगी असेल तर "टिपते" करायचं एवढंच लक्षात ठेवावं लागे.

त्या मुलाच्या वाट्याला ते केवळ त्याच्या हजेरी क्रमांकामुळे आलं होतं.

आमच्या वेळी असं काही नव्हतं. 1 मे ला सकाळी झेंडावंदन झालं की वर्गशिक्षिका एकेकाचं नाव घेऊन प्रगतिपुस्तक हातात द्यायच्या. पुठ्ठ्याचं, घडीचं, आत पहिली चाचणी, सहामाही, दुसरी चाचणी, वार्षिक असे रकाने आणि खाली पालकांच्या सहीच्या चार रेघा. माझे वडील विषयांकडे बघतच नसत. बोट सरळ खाली, वर्गातील क्रमांकावर. सतरा. कधी एकोणीस. एकदा बारा. ते काहीच बोलत नसत, पेनाचं टोपण काढून सही करत आणि टोपण परत लावत. त्या टोपणाच्या टिक् आवाजावरून मला कळायचं की यंदा काय झालं. शेऱ्याच्या रकान्यात तीन वर्षं एकच वाक्य होतं, "अक्षर सुधारावे". माझं पेन गळायचं. नीब पुसायला फडकं घेऊन जायची मी, तरी वहीवर डाग पडायचेच. एकाही बाईंनी पेन हातात घेऊन बघितलं नाही. त्या शेऱ्याचा राग मी शिक्षिका होईपर्यंत सांभाळला होता. माझ्या वर्गातल्या मुलांना मी असं काही लिहिणार नाही, असं मी डी.एड.च्या वर्गात बसून ठरवलं होतं.

नंबराच्या त्या दिवसांचं मला प्रेम वाटतं असं कुणी समजू नये. सातवीत आमच्या वाड्यातली माझी मैत्रीण नापास झाली. जूनमध्ये ती धाकट्या बहिणीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसली. उंच होती, गुडघे बाकाला लागायचे. गणपतीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिच्या आईनं पुढे तिला पापडाच्या कामाला घेतलं. त्या सगळ्याला कारण गणितातले चार गुण. आजही कुणी "पूर्वी नापास करायचे म्हणून मुलं अभ्यास करायची" असं म्हटलं की मला ते गुडघे आठवतात आणि तिथे बसवत नाही. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, अनुत्तीर्ण झालं तर फेरपरीक्षा, तिच्यातही राहिलं तर त्याच वर्गात. त्याबद्दल वाचलं त्या दिवशी मी तिला फोन करायला घेतला होता. काय बोलायचं ते सुचलं नाही.

सगळ्या महाराष्ट्राचे गुण पुण्यात शिजतात, असं आमचे एक मुख्याध्यापक म्हणत. बोर्डाचं मुख्य कार्यालय शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्याला, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्याला. नवीन पद्धत आली की तिचा पहिला ओला वास आमच्याकडे यायचा. 1975 साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा एकाच वर्षी झाली; माझा मोठा भाऊ अकरावीला आणि चुलतभाऊ दहावीला, दोघांचा एकच निकाल, एकच पेढ्यांचा पुडा. कोण मोठा यावर ते दोघं अजून भांडतात. पुढे गुणवत्ता यादीचे दिवस आले. निकालाच्या दिवशी मेरिटमधल्या मुलांचे फोटो, आईनं पेढा भरवतानाचे. पेठांतल्या शाळा बोर्डात कोण आलं हे फलकावर तैलरंगात लिहून ठेवत. ती यादी बोर्डानं बंद केली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आमच्या शाळेच्या जिन्यातला फलक मात्र तसाच राहिला, शेवटच्या नावाखाली कोऱ्या जागेसह.

माझ्या मुलाची दहावी 2010 ची. आधीच्या दोन वर्षांत अकरावीच्या प्रवेशासाठी वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात आणणारं पर्सेंटाइलचं सूत्र आणि नव्वद टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांना देणारा 90:10 चा कोटा दोन्ही न्यायालयात टिकले नव्हते. त्याच्या वर्षी बेस्ट फाइव्ह आलं. सहापैकी जास्त गुणांचे पाच विषय धरायचे. जूनमध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, मग सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवलं. पावसाळा सुरू झाला तरी पोरांना कॉलेज नाही, घरात रोज वर्तमानपत्राची ओढाओढ. शेवटी त्याची टक्केवारी पाच विषयांची धरली गेली. गळलेला सहावा विषय मराठी होता. मराठीच्या शिक्षिकेचा मुलगा. त्यानं अवघडून माझ्याकडे पाहिलं आणि मी हसून विषय बदलला, पण रात्री स्वयंपाकघराचा ओटा पुसताना डोळ्यांत पाणी आलं. त्याचे मराठीचे गुण कमी होते याचं इतकं वाटलं नाही. आठवीपर्यंत तो मला स्वतः रचलेल्या गोष्टी सांगायचा, रिक्षात, जेवताना, दिवे गेल्यावर. त्या मी ऐकल्या होत्या. त्या कुठल्याच रकान्यात नव्हत्या आणि आता तो रकानाच गेला होता.

बोर्डाचे पेपर मी वीसेक वर्षं तपासले. गठ्ठा घरी आला की हॉलमधली बैठक महिनाभर माझी. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, तरी अक्षरावरून माणूस दिसू लागतो; शब्द खोडताना नीट आडवी रेघ मारणारा, समासात बारीक फूल काढून परत खोडणारी. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. बेरीज 34 आली की मी पेन खाली ठेवायची, पाणी प्यायची आणि पहिल्या पानापासून परत वाचायला घ्यायची. कुठे अर्धा गुण राहिला का, एखादं उत्तर मागच्या पानावर लिहिलंय का. नियामकांकडे, म्हणजे आमची तपासणी पुन्हा बघणाऱ्यांकडे, जाण्याआधी असे काही पेपर मी तीनतीनदा वाचलेत. ज्याचा चेहरा कधी दिसणार नाही त्या मुलासाठी रात्री साडेअकराला मी समानार्थी शब्द परत तपासत होते. आणि ज्यांचे चेहरे रोज बघत होते त्या सत्तेचाळिसांना मी पुस्तिकेतून वाक्यं वाटली. शनिपाराच्या त्या पायरीवर हे दोन्ही एकदम समोर आलं, आणि त्यानंतर कित्येक दिवस झोप नीट लागली नाही.

आकड्याला माणूस दिसत नाही, हे आम्ही सभांमधून बोललो. पण तो आकडा देण्यासाठी मला निदान एक कागद संपूर्ण वाचावा लागायचा.

शाळेनं स्वतः द्यायच्या गुणांचंही तेच झालं. दहावीला भाषांचे 20 गुण तोंडी परीक्षेचे असायचे. मुलानं उभं राहून बोलायचं, आपण ऐकायचं, असा तो बेत. प्रत्यक्षात साठ जणांचा वर्ग आणि दोन तास. 18, 19, 18, 19. मीही दिलेत. मग एका वर्षी ते गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 2019 मध्ये 77.10 वर आला. सगळीकडे ओरड झाली, पुढच्याच वर्षी ते गुण परत आले, 2020 चा निकाल 95.30. या आकड्यांवर खूप बोललं गेलं. मला मात्र एक मुलगी आठवत होती, जी तोंडी परीक्षेत "बाई, मी पाठ केलेलं बोलू की मनातलं?" असं विचारून थांबली होती. बाहेर रांग होती. "पाठ केलेलं बोल," मी म्हणाले.

2021 मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण, दहावीतलं घरून केलेलं काम, यांवर निकाल लागला, 99.95 टक्के. आमच्या सोसायटीतली एक मुलगी पेढे घेऊन आली. 93 टक्के होते. पेढा हातात देताना म्हणाली, "काकू, आम्हाला सगळे कोरोना बॅच म्हणतात. मला कुणी अभिनंदन म्हटलं की खोटं वाटतं." तिला मी जवळ घेतलं. ती वर्षभर बाल्कनीत, वायफाय नीट यावं म्हणून कठड्याला टेकून, भूमितीचे तास करायची. ते मी माझ्या खिडकीतून रोज बघितलं होतं. तसं तिला सांगितलं. ती रडायलाच लागली.

त्या मुलाच्या दुकानात मी परत गेले, आठ दिवसांनी. मनात ठरवून गेले होते की खरं सांगायचं. तो गिऱ्हाईकाशी बोलत होता, मी बाकावर बसले. समोर तीच डहाळी, तेच भोक पडलेलं पान. मी सांगितलं तर काय होईल, याचा विचार करत राहिले. मंडईत बसलेल्या त्या बाईच्या घरात ते वाक्य बारा वर्षं भिंतीशी उभं आहे. माझ्या मनाचं ओझं उतरवायला मी ते तिथून काढून घ्यायचं का? माझ्या हातून चुकून का होईना, ते योग्य ठिकाणी पडलं असेल. कदाचित ते वाक्य लिहिलं गेलं म्हणून तो बघायला लागला असेल. आईनं जुडी हातात देऊन बघायला लावलं, हे तर नक्कीच. मी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की नाही, मला अजून कळत नाही.

कारण त्याच वर्गात एक मुलगी होती, तिसऱ्या बाकावरची. मधल्या सुट्टीत पटांगणातलं गुलमोहराचं फूल आणून तिनं ते बाकावर उलगडून ठेवलं होतं. चार पाकळ्या लाल आणि पाचवी वेगळी, पांढरट, लाल-पिवळे ठिपके असलेली. "बाई, ही एकच अशी का?" मी घंटा झाली म्हणून तिला फूल आवरायला सांगितलं होतं. निसर्गातले बारकावे तीच टिपत होती. तिच्या हजेरी क्रमांकाला कुठलं वाक्य आलं असेल? "वर्गात नियमित उपस्थित राहते"? "शालेय शिस्तीचे पालन करते"? त्या मुलाला मी तिच्याबद्दल विचारलं. त्याला नाव आठवलं, पुढचं काही माहीत नव्हतं. दहावीनंतर ते लोक हडपसरकडे राहायला गेले, एवढंच म्हणाला.

गेल्या आठवड्यात नातीच्या शाळेतून तिचं नवं समग्र प्रगतिपत्रक आलं. दुसरीत आहे ती. नव्या शैक्षणिक धोरणातली पद्धत. श्रेणीही नाही, गुणही नाहीत. झरा, पर्वत आणि आकाश अशा तीन पायऱ्या, चित्रांसह. मुलानं स्वतःबद्दल सांगायचं, सोबत्यानं सांगायचं, आणि एक जागा घरच्यांसाठी. लेक कामावरून उशिरा येते, म्हणाली, "आई, तूच लिही गं, तुझी सवय आहे." मी चष्मा लावला, पेन उघडलं, आणि हातानं आपोआप "नि" लिहिला.

तो खोडायला पांढरी शाई शोधावी लागली.

प्रगतिपत्रक चार दिवस झाले जेवणाच्या टेबलावर आहे. शाळेत सोमवारी द्यायचंय. नात जिन्यावरून उतरते तेव्हा शेवटची पायरी दोन्ही पायांनी उतरते, बाकीच्या एकेका पायानं. भातातले वाटाणे आधी बाजूला काढते आणि मग मोजून खाते, विषम आले तर एक मला देते. झोपताना उशी उलटी करते. काल तिनं मला विचारलं, आजी, तू अजून काहीच का नाही लिहिलंस? मी म्हणाले, बघतेय. तिनं माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली, तिच्यावर ताठ बसली आणि म्हणाली, "हं. आता बघ."